माझा अधिक श्रावण

बाईनं ग्लास नाकारला की लोक आधी तिच्या पोटाकडे बघतात. पुरुषानं नाकारला तर विचारतात, "अँटिबायोटिक चालू आहे का?" म्हणजे त्याला निदान सर्दी-खोकल्याची तरी मुभा आहे. मला ती नव्हती. मला फक्त श्रावणाची मुभा होती, आणि तो एक महिना मी तीन महिने ताणला. कसा ते सांगते. यात कुठे पश्चात्तापाचा सूर लागल्यासारखा वाटला तर तो तुमच्या कानाचा दोष समजा. मी तो लावलेला नाही.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. वर्ध्याकडच्या एका गावातून पुण्याला येऊन दोन वर्षं झाली होती. हिंजवडीच्या एका कंपनीत दिवसभर हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि "आपली गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत" म्हणायचं, हे माझं काम. रूममेट साताऱ्याची, त्याच ऑफिसातली. आणि आमच्या टीममध्ये एक चंद्रपूरचा मुलगा होता. त्याच्याशी बोलताना "काय करून राहिला" म्हणायची मला लाज वाटायची नाही. बाकी सगळीकडे मी जिभेला इस्त्री करून बोलायचे.

दर शुक्रवारी आम्ही सहा-सात जण बसायचो. बसायचो म्हणजे प्यायचो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. मी चांगली प्यायचे. बिअरची चव आवडते असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मला दोन ग्लासांनंतरची मी आवडायची. ती मुलगी इस्त्री न करता बोलायची, मोठ्यानं हसायची, आपण कुणाला आवडू की नाही याचा विचार करायची नाही. तिला भेटायला मी शुक्रवारची वाट बघायचे.

एक नियम मात्र मी सोडला नव्हता. कुणाबरोबर झोपायचं तर निरोधाशिवाय नाही. आमच्या गावात मेडिकलवाला ते पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून देतो आणि देताना दुसरीकडे बघतो. पुण्यात मी ते न गुंडाळता मागायला शिकले आणि पर्समध्ये ठेवायला लागले. मला त्याचा अभिमान होता. अजून आहे.

मग गटारी आली. श्रावणात सगळे दारू आणि मटण सोडतात, म्हणून श्रावण लागायच्या आधी महिन्याभराचं उरकून घ्यायचं, असा हा आपला सण. आम्ही खडकवासल्याच्या पुढे एक फार्महाऊस रविवारी दिवसभरासाठी घेतलं. सकाळी अकराला सुरुवात झाली. श्रावण आम्ही सगळेच पाळणार होतो. मी काही धार्मिक नाही, पण घरी पाळतात म्हणून मीही पाळायचे, आणि खरं सांगायचं तर श्रावण पाळला की "मला व्यसन नाही" असं वर्षभर सांगायची सोय होते.

दुपारी चारच्या सुमाराला तो चंद्रपूरचा मित्र आणि मी मागच्या खोलीत होतो. दोघांच्या मर्जीनं. हे स्पष्ट लिहिते, कारण असं काही सांगितलं की लोकांना लगेच कुणीतरी राक्षस लागतो. माझी पर्स बाहेर व्हरांड्यात होती. मला ती आठवली. उठून आणायचा कंटाळा आला. बस, एवढंच झालं. फार तर वीस पावलं होती.

स्वातंत्र्यदिनाला ऑफिसात रक्तदान शिबिर झालं. त्यानं रक्त दिलं, बिस्किटांचा पुडा आणि प्रमाणपत्र घेऊन मिरवला. पुढच्या आठवड्यात त्याला फोन आला की पुन्हा एकदा तपासणीला या. दुसऱ्या तपासणीचा निकाल हातात आला त्याच दिवशी तो मला कँटीनमागच्या पायरीवर घेऊन गेला.

"काऊन असा चेहरा करून राहिला?" मी विचारलं.

"मला एचआयव्ही निघाला," तो म्हणाला. "तू तपासून घे."

मी त्याला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. पण एक गोष्ट मी त्याच दिवशी मनाशी लिहून ठेवली: हा माणूस गप्प बसला असता तर मला कधीच कळलं नसतं, आणि तो गप्प बसला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरकारी दवाखान्यातल्या तपासणी केंद्रावर गेले. स्वारगेटहून रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला दवाखान्याचं नाव सांगायच्या ऐवजी शेजारच्या शाळेचं सांगितलं. इतकी मी शूर. समुपदेशनाच्या खोलीत पन्नाशीच्या एक बाई होत्या. कडक सुती साडी, साखळीला अडकवलेला चष्मा, आणि बोलणं असं की वाक्य संपायच्या आत टोचलेलं असायचं. त्यांनी फॉर्म पुढे ओढला. नाव, वय, काय झालं, केव्हा झालं. मी पर्स बाहेर राहिल्याचंही सांगितलं, फक्त दारूचं वगळलं. मग त्यांनी विचारलं, "दारू घेता?"

"नाही," मी म्हटलं.

पेन थांबलं. "श्रावण आहे म्हणून नाही, की मुळातच नाही?"

मी फॉर्मकडे बघायला लागले.

"अहो, श्रावणात माझ्या या फॉर्मवर सगळं पुणं निर्व्यसनी असतं. एकाही तरुणानं दारू घेतलेली नसते. गणपती गेले की मग सगळे माणसात येतात. एकदा आमचे साहेब श्रावणातले फॉर्म बघून खूश झाले होते. म्हणाले, तुमच्या समुपदेशनाचा परिणाम दिसतोय हो. मी म्हटलं, परिणाम पंचांगाचा आहे."

"मी काय बेवडी आहे का?" माझा आवाज चढला होता.

"मी म्हटलं का तसं? तसं विचारलं की तुम्ही नाही म्हणणार आणि विषय संपणार. म्हणून मी ते विचारतच नाही. तुम्ही किती प्यायला होता यातही मला रस नाही. पर्स किती लांब होती?"

"वीस पावलं."

"प्यायला नसतात तर उठला असतात?"

मला त्यांचा राग आला. खोटं बोलायची खूप इच्छा झाली, पण तोंडून खरंच निघालं. "उठले असते," मी म्हटलं.

"झालं. व्याख्यान मी देत नाही."

त्या दिवशीचा निकाल निगेटिव्ह आला. मी उठायला लागले तर त्यांनी हातानं बसा म्हणून खूण केली. अडीच आठवड्यांत शरीर काही सांगतंच असं नाही, त्या म्हणाल्या. तातडीचं औषध असतं, पण ते बहात्तर तासांच्या आत घ्यावं लागतं, ती वेळ गेली. त्या रविवारपासून तीन महिने पुरे झाले की पुन्हा तपासणी. तोवर रक्तदान नाही, आणि निरोधाशिवाय काही नाही. "आणि ज्या गोष्टीमुळे उठायचा कंटाळा येतो, ती बंद. तीन महिने."

"तीन महिने? कसं शक्य आहे? सगळे विचारतील."

"आत्ता विचारतात का?"

"आत्ता श्रावण आहे."

"मग श्रावण वाढवा. काही वर्षी अधिक श्रावण येतो, लोक दोन-दोन महिने पाळतात की नाही? पंचांगवाल्यांनी यंदा दिलेला नाही. तुम्ही तुमचा घाला."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या अजिबात हसत नव्हत्या. बाहेर पडताना मला कळलं की आपल्याकडे दारू न पिण्याचं एकच कारण कुणी खोदून विचारत नाही, आणि ते या बाईंनी माझ्या हातात ठेवलं होतं. डॉक्टर नाही म्हणाले सांगितलं तर लोक आजार विचारतात. सोडली म्हटलं तर आधी किती प्यायचीस ते विचारतात. श्रावण म्हटलं की "हो का, बरं" म्हणून पुढे जातात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, आईचा फोन आला. घरी मटण शिजत होतं, कुकरच्या शिट्ट्या मला फोनवर ऐकू येत होत्या. "सुटला बाई श्रावण," ती म्हणाली. "तूबी खाऊन घे कुठं."

"माझा नाही सुटला. अधिक आहे."

"यंदा कुठचा अधिक?"

"पुण्यात आहे."

"असन," ती म्हणाली. "पुण्याचं काही सांगता येत नाही."

विसर्जनानंतरचा पहिला शुक्रवार आला. मी गेले. घरी बसून राहायचं नाही हे मी ठरवलं होतं. लपायला मी काय कुणाचं घेऊन पळाले होते? लिंबू सोडा मागवला. रूममेटनं माझ्या ग्लासचा वास घेतला.

"हे काय?"

"अधिक श्रावण."

"गप. पंचांग दाखव."

"आण. सही करून देते."

"सीरियसली, यू आर नॉट प्रेग्नंट, राइट?"

"आहे ना. बारावा महिना चालू आहे."

टेबल हसलं. कुणीतरी म्हणालं, मुलींचा श्रावण मंगळागौरीचा असतो, दारूचा कुठला? मी म्हटलं, मुलींनी दारूचा श्रावण बाराही महिने पाळावा अशीच सगळ्यांची इच्छा असते, मी तर तीनच पाळते आहे. त्यावर विषय क्रिकेटवर गेला.

सोपं होतं असं मी सांगणार नाही. साडेसात वाजले की हातांचं काय करायचं तेच कळायचं नाही. टेबलावरचे विनोद तिसऱ्या ग्लासनंतर किती पांचट होतात, हे मला पहिल्यांदाच दिसत होतं, आणि त्यातले निम्मे आजवर माझेच असायचे. सगळ्यात अवघड म्हणजे ती दुसरी मुलगी, दोन ग्लासांनंतरची, तिची मला आठवण यायची. एका शुक्रवारी कशावरून तरी चिडून मी भर टेबलावर म्हणून गेले, "काय फालतूपणा करून राहिले तुम्ही!" इस्त्री वगैरे काही न करता, आणि तेही लिंबू सोड्यावर. कुणी दचकलं नाही. ती मुलगी बाटलीत राहत नव्हती तर!

पण तो, चंद्रपूरचा. तो माझ्या डोळ्यांदेखत हातातून सुटत चालला होता. केंद्रावर नाव नोंदवून औषध सुरू करायचं असतं, ते मोफत असतं, रोज वेळेवर घेतलं तर माणूस नोकरी करतो, म्हातारा होतो, हे सगळं त्याला तिथं सांगितलेलं होतं. तो गेलाच नाही. शुक्रवारी सगळ्यांच्या दुप्पट प्यायचा आणि शनिवारी दुपारीच सुरू करायचा. श्रावण त्यानं त्या बातमीच्या दिवशीच मोडला होता.

"काऊन जात नाही?" मी विचारायचे.

"तुझा रिझल्ट येऊ दे. मंग पाहू."

"माझ्या रिझल्टचा तुझ्या गोळीशी काय संबंध?"

"तुले झालं असन तर मी कशाले जगू?"

मला इतका संताप यायचा की हात शिवशिवायचे. म्हणजे आता माझ्या तीन महिन्यांवर याचाही जीव टांगलेला. मी आणि माझं रक्त, आम्हाला कुणी विचारलं होतं? मी त्याला सांगितलं, "मले हे ओझं नको." तो म्हणाला, "ओझं नाही, शिक्षा हाय, माझी मलेच." त्यावर मी उठून गेले. शिक्षा हा शब्द ज्याला त्याला सुचतो, औषध हा शब्द कुणाला सुचत नाही.

माझाही श्रावण मोडला. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी रूममेटचा वाढदिवस होता, दुपारी घरीच. केक, बिर्याणी, थंड बिअर. पहिला ग्लास मी हातात कधी घेतला ते आठवत नाही, दुसरा आठवतो. दुसरा घेताना मी स्वतःला म्हटलं, आता मोडलाच आहे तर. मग तो ग्लास मी अर्धाच पिऊन उरलेला मोरीत ओतला आणि रात्रभर स्वतःला कोसत राहिले. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून त्या बाईंकडे गेले. वाटलं होतं, झापतील.

"पर्स कुठे होती?" त्यांनी विचारलं.

"खांद्याला. आणि तसं काही झालं नाही."

"मग माझ्याकडे का आलात?"

"मोडला म्हणून. दीड ग्लास. उरलेला ओतून दिला."

"अहो, श्रावणात चुकून कुणी अंडं घातलेला केक खाल्ला तर तो संध्याकाळी कोंबडी कापतो का? नाही ना? गुळणी करतो आणि पुढे पाळतो. दारूचंच काय ते वेगळं. एक घोट गेला की म्हणणार, आता मोडलाच आहे तर. त्या पहिल्या ग्लासानं फारसं काही होत नाही. या वाक्यानं होतं. तुम्ही ग्लास ओतलात ना? मग मोडला कुठे?"

त्यांच्या टेबलावर डोकं टेकून मी रडले. त्यांनी पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. रुमाल पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "बाहेर रांग आहे."

त्याच महिन्यात ऑफिसात एक वक्ते आले. निरोगी जीवन की काहीसा कार्यक्रम होता. पांढरा शर्ट, कॉलरला माईक. दारूनं घरं कशी उद्ध्वस्त होतात ते त्यांनी तासभर सांगितलं, तरुण मुलींबद्दल बोलताना आवाज खास खाली आणला, आणि शेवटी सगळ्यांना उभं करून उजवा हात पुढे करायला लावला. शपथ घ्यायची, आयुष्यात कधीही दारूला शिवणार नाही. दीडशे हात वर झाले. त्यांतले सहा हात त्याच संध्याकाळी कुठे बसायचं ते आधीच ठरवून आले होते, मला माहीत होतं. मी हात खालीच ठेवला.

त्यांनी नेमकं मला हेरलं. "ताई, तुम्ही का नाही?"

"मला आयुष्यभराचं माहीत नाही, सर. मला बावीस दिवसांचं माहीत आहे."

लोक हसले. वक्ते म्हणाले, संकल्प मोठा असावा. मी खाली बसले. त्या सभागृहात, एक दीड ग्लास सोडला तर, दोन महिने न पिणारी बहुधा मी एकटी होते, आणि शपथ न घेणारीही मीच. मोठ्या संकल्पांचं मला तेव्हापासून कौतुक राहिलेलं नाही. एवढा मोठा संकल्प सोमवारपर्यंत टिकत नाही, आणि मग माणूस स्वतःला नालायक समजून दुप्पट पितो. माझ्यासमोर तो चंद्रपूरचा तिसऱ्या रांगेत उभा होता, हात वर करून.

बावीस दिवस गेले. ज्या सकाळी तपासणी होती त्या सकाळी मी रिक्षावाल्याला दवाखान्याचंच नाव सांगितलं. रक्त दिलं, बाकावर बसले. तो तास मी कसा काढला ते लिहायला मला आजही जमत नाही. देवाचं नाव घेतलं नाही एवढं आठवतं. घेतलं असतं तर वाटलं असतं मी काहीतरी कबूल करते आहे.

बाईंनी आत बोलावलं. कागद माझ्याकडे फिरवला. "निगेटिव्ह. आता हा पक्का धरा."

मला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. त्या म्हणाल्या, "अभिनंदन मी करणार नाही. ज्यांचं पॉझिटिव्ह येतं त्यांनी काही गुन्हा केलेला नसतो, मग तुमचं अभिनंदन कशाबद्दल? पण तीन महिने तुम्ही नीट राहिलात, त्याबद्दल करते." त्यांच्या तोंडून एवढं निघालं हे मला पुरेसं होतं.

आज मी पिते का, असं विचारणारे असतात. पिते, कधीतरी, एखादा ग्लास, पर्स खांद्याला ठेवून. वर्षातून दोन-तीनदा मनात येईल तेव्हा माझा अधिक श्रावण लागतो, कधी पंधरा दिवस, कधी दोन महिने. कुणाला कारण सांगत नाही. ज्यांना माझी सुधारलेल्या मुलीची गोष्ट हवी होती त्यांनी दुसरीकडे बघावं.

निकालाच्या त्या दिवशी केंद्राच्या जिन्यावरूनच मी चंद्रपूरच्या त्या मित्राला फोन केला. "निगेटिव्ह," म्हटलं.

तो म्हणाला, "सुटलो."

"मी सुटले. तू कुठं सुटला? उद्या सकाळी नऊला तयार राह्य. मी येऊन राहिली."

"तू कशाले? लोक पाहतीन."

"पाहू दे."

दुसऱ्या दिवशी तो दाढी करून, धुतलेला शर्ट घालून खाली उभा होता. औषधांच्या केंद्रावर लांब रांग होती. कॉलेजातली मुलं, एक कुंकू लावलेल्या आजी, कडेवर मूल घेतलेली बाई, सूटमधला एक माणूस. सगळे जमिनीकडे बघत होते. तोही बघायला लागला. आमचा नंबर आला. खिडकीतल्या बाईंनी त्याचं नाव, वय, पत्ता लिहिला आणि मान वर न करता मोठ्यानं विचारलं, "सोबतच्या कोण लागता यांच्या?"

रांग ऐकत होती. बहीण म्हटलं असतं तर खपलं असतं. बायको म्हटलं असतं तर त्याहून सहज खपलं असतं. तो माझ्याकडे विनवणी केल्यासारखा बघत होता, बहीण म्हण. तीन महिने पंचांगाच्या आड राहून मी पुरती कंटाळले होते.

"लागण होता होता राहिली," मी म्हटलं. "तेवढी लागते."

बाईंनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. आणि तो हसला, मोठ्यानं, खांदे हलेपर्यंत. कँटीनमागच्या त्या पायरीनंतर मी त्याला हसताना पहिल्यांदा बघत होते. मागे कडेवर मूल घेतलेली बाईही जमिनीकडे बघायची थांबली.

"मैत्रीण लिहू?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"लिहा," तो म्हणाला.